जिथे 'हं' आलं नाही

बायको गेली दुपारी एक वाजता आणि मिस्त्रीला ते कळलं सव्वाचारला. मधल्या सव्वातीन तासांत त्याने एका मिक्सरची जळालेली मोटार उलगडली, तिच्यात नवी तांब्याची तार भरली, व्हार्निश लावलं, दिव्याखाली वाळवलं आणि चालवून पाहिली. तळहाताखाली मोटार न अडखळता फिरली तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, "जमलं बुवा!" त्या 'जमलं बुवा'चा त्याला पुढे फार त्रास झाला. आपण बरोबर किती वाजता ते म्हणालो, तोवर तिला जाऊन किती वेळ झाला होता, याचा हिशेब त्याने पुन्हा पुन्हा केला.

फोन खणात होता. तो नऊ वेळा वाजला होता, हे नंतर कळलं. शेवटी समोरच्या दुकानातला शिंपी गळ्यात टेप तशीच ठेवून रस्ता ओलांडून आला आणि त्याने मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो मिस्त्री, फोन का उचलत नाही तुम्ही? तुमच्या मुलीने शेवटी मला केला."

"कामात होतो. काय म्हणते?"

शिंपी जन्माचा बडबड्या. गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेता घेता तो त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायचा. त्या वेळी त्याने आधी गळ्यातली टेप काढून मुठीत धरली. तो म्हणाला, "आधी ते बटण बंद करा," आणि मिस्त्रीने मोटार बंद केल्यावरच त्याने सांगितलं.

ती दर गुरुवारी करायची तेच करायला गेली होती. तिचा लेख द्यायला पेपरच्या कचेरीत. कचेरी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. वर पोचून ती खुर्चीत बसली, "जरा पाणी द्या हो," म्हणाली, आणि पाणी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. लेखाची घडी हातातच होती. तो लेख त्यांनी पुढच्या रविवारी चौकटीत छापला.

अकरा वर्षं ती पेपरच्या रविवारच्या पुरवणीत लिहायची. सदराचं नाव 'माझं आपलं एक मत'. विषय साधे. टीव्हीला तीन रिमोट लागतात आणि तिन्ही कधी एका जागी का सापडत नाहीत. फोनवर 'अमक्यासाठी एक दाबा' म्हणणाऱ्या बाईला दम लागत नाही का. चहा गार होईपर्यंत त्याचे फोटो काढणारी माणसं नंतर तो पितात की ओततात. आणि जवळजवळ प्रत्येक लेखात एक माणूस हमखास यायचा, 'आमचे हे'. आमचे हे म्हणजे मिस्त्री. सगळ्या जगाची यंत्रं दुरुस्त करणारा आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातला पंखा दोन वर्षं तसाच ठेवणारा. गिऱ्हाइकं दुकानात येऊन म्हणायची, "काय आमचे हे, झाला का आमचा पंप?" तो मान खाली घालून म्हणायचा, "उद्या न्या."

छापलेला लेख त्याने कधी वाचला नाही. "ऐकलाय की कच्चा असताना," असं तो लोकांना सांगायचा. तेही खोटंच होतं.

त्या दोघांची पद्धत अशी होती. बुधवारी संध्याकाळी तो एखादं काम घरी आणायचा आणि जेवणाच्या टेबलावर तार भरत बसायचा. ती समोर बसून लेख मोठ्याने वाचायची, हातात पेन्सिल. ज्या वाक्याला तो 'हं' म्हणेल ते राहायचं. जिथे तो गप्प राहील तिथे ती काट मारायची. "यांना जे पोचलं ते सगळ्यांना पोचतं," असं तिचं म्हणणं. बाकी कुणाला ती लेख दाखवत नसे. वाद घालायचा नाही, कारण विचारायचं नाही. हं असेल तर हं, नसेल तर काट.

आता तार भरणाऱ्याला वेढे मोजावे लागतात. एकशेचाळीसचे एकशेएकोणचाळीस झाले तर मोटार गरम होते. मोजताना ऐकता येत नाही, हे झालं एक. दुसरं म्हणजे मिस्त्रीचा डावा कान आठ वर्षांपूर्वीच गेला होता आणि उजवाही निम्मा उरला होता. चाळीस वर्षं कानाशी मोटारी फिरवून दुसरं काय व्हायचं? त्याने ते बायकोला सांगितलं नाही. तिच्यापासून लपवण्यासारखं त्याच्या आयुष्यात तेवढं एकच होतं, आणि लपवण्याचं कारणही साधं होतं. सांगितलं असतं तर तिने आधी डोळ्यांत पाणी आणून त्याला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि रविवारी ते पेपरात आलं असतं. 'आमच्या ह्यांच्या कानाला यंत्र.' मग गिऱ्हाइकं दुकानात येऊन मुद्दाम ओरडून बोलली असती. म्हणून तो तिच्या चेहऱ्याकडे बघून काम भागवायचा. ती थांबून चष्म्यावरून बघायला लागली की 'हं'. वेढे मोजताना मान खाली असेल तर काहीच नाही.

अकरा वर्षं हे बेमालूम चाललं.

*

लेक तीन तासांच्या अंतरावरच्या गावात नोकरी करायची. ती आली ती महिनाभराची रजा टाकूनच. आईचे कपडे आवरायला बसायची आणि दोन साड्या घडी घालून तिसरीपाशी थांबायची.

"बाबा, आदल्या दिवशी तिचा फोन आला होता मला."

"माहीत आहे, बब्बी. सांगितलंस तू."

"मी मीटिंगमध्ये होते. म्हटलं, नंतर करते. आणि केलाच नाही."

"असेल काहीतरी साधंच."

"साधं नव्हतं. तिला काहीतरी होत असणार. मला सांगायचं असणार. नाहीतर बुधवारी कशाला करेल? बुधवारी ती लिहायची."

रोज सकाळी चहाच्या वेळी हे असंच. तीच वाक्यं, त्याच क्रमाने. तिने आईला दोन महिन्यांपूर्वी मनगटावर बांधायचं एक घड्याळ पाठवलं होतं, नाडी मोजणारं. ते घड्याळ तिच्या फोनला जोडलेलं होतं. ती त्यातले आलेख मिस्त्रीला दाखवायची. हिरवी रेघ, वर-खाली. "बघा, सगळं ठीक दाखवतंय. हजारो पावलं चालली. मेलं एकदाही बोललं नाही काही." आणि मग, "तिने कुणालाच कसं सांगितलं नाही, बाबा? तुम्हाला तरी काही बोलली होती का?"

"नाही गं," मिस्त्री म्हणायचा. त्याला तसं खरोखरच वाटत होतं.

तीन आठवडे उलटल्यावर पुरवणीचा संपादक घरी आला. तिशीतला तरुण, बूट दाराबाहेर काढावेत की नाही या विचारात उंबऱ्यातच अडकलेला. मिस्त्रीने त्याला आपल्या उजव्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं. बसल्यावर त्याने आधी खरोखर मनापासून दोन शब्द सांगितले, आणि मग कामाचं काढलं.

"काका, वाचकांची रोज पत्रं येतायत. सदर बंद करू नका म्हणतात."

"लिहिणारीच नाही, तर काय करणार?"

"तेच सांगायला आलोय. आता तशी सोय आहे. काकूंचे पाचशेच्या वर लेख आहेत आमच्याकडे. ते कॉम्प्युटरला वाचायला दिले की तो तसंच लिहितो. अगदी तसंच. खाली आम्ही स्पष्ट छापू, 'त्यांच्या शैलीत' म्हणून. फसवणूक नाही. फक्त घरच्यांची सही लागेल."

त्याने फोन काढला. नमुन्याला एक लेख तयार करूनच आणला होता. वाचून दाखवायचं कामही फोनच करणार होता, बाईच्या आवाजात. मिस्त्रीने फोन घेतला, आवाज पूर्ण वाढवला आणि उजव्या कानाला लावला.

'परवा दुकानात एक यंत्र मला म्हणालं, कृपया आपलं सामान पिशवीत ठेवा. मी आमच्या ह्यांना म्हटलं, बघा, माझ्याशी कुणीतरी इतकं नम्रपणे बोलतं. हे म्हणाले, त्याचं लग्न झालेलं नाही म्हणून.'

मिस्त्री हसला. खळखळून हसला, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. लेकही हसली आणि लगेच तिने पदरासारखी ओढणी तोंडाला लावली. मग मिस्त्रीचं हसू उतरलं.

"मी असं कधी बोललो नाही," तो म्हणाला.

"अहो काका, काकू तरी कुठे सगळं खरं लिहायच्या! त्या आम्हाला म्हणायच्या, आमचे हे दिवसभरात एकच शब्द बोलतात, बाकीचे मला लिहावे लागतात."

"कुठला शब्द?"

"हं," संपादक म्हणाला.

लेक म्हणाली, "द्या ना सही, बाबा. दर रविवारी निदान काहीतरी येईल तिचं."

मिस्त्रीलाही तेच हवं होतं, आणि लेकीपेक्षा जास्त हवं होतं. तिला नुसती आई परत हवी होती. त्याला जे अकरा वर्षं समोर बसून चुकवलं ते ऐकायचं होतं, कानाशी फोन लावून, मोठ्या आवाजात, मध्ये वेढे न मोजता. त्याने सही जवळजवळ केलीच होती. पण संपादक जाता जाता म्हणाला, "आणि काकूंचे कच्चे कागद असतील तर तेही द्या. छापलेलं आमच्याकडे आहेच. खोडलेलंही मिळालं तर कॉम्प्युटर आणखी शिकेल."

"आठवडाभराने सांगतो," मिस्त्री म्हणाला.

*

कच्चे कागद पलंगाखालच्या बॅगेत होते, वर्षावर्षाचे गठ्ठे सुतळीने बांधलेले. दुकान बंद ठेवून तो सकाळपासून वाचायला बसला. त्याला वाचायची सवय नव्हती. बोट ओळीवर ठेवून तो वाचायचा.

लेख चांगले होते. लोक हसायचे ते उगाच नव्हे. पण पेन्सिलीने काट मारलेल्या ओळींवर आला की त्याचं बोट थांबायचं. एका ठिकाणी छापलेला भाग लिफ्टमधल्या बोलणाऱ्या बाईबद्दल होता, आणि खोडलेली ओळ अशी होती: 'ती निदान आधी सांगते, दरवाजा बंद होत आहे. घरात कुणी असं सांगून दार लावत नाही.' दुसरीकडे, जेवणाचे फोटो काढणाऱ्यांची टिंगल छापलेली आणि त्याखाली खोडलेलं: 'माझ्या आईने चाळीस वर्षं रांधलं. त्याच्याकडे कुणी डोळ्यांनीसुद्धा बघितलं नाही, सरळ गिळलं.'

त्याला लिहिण्यातलं काही कळत नव्हतं. तरी एवढं कळलं की खोडलेलं जास्त चांगलं आहे. तिने वाचलं असणार, त्याच्याकडे बघितलं असणार, त्याची मान खाली असणार, आणि तिने पेन्सिल ओढली असणार. अशा शेकडो ओळी. कुठल्या पंपाच्या, कुठल्या पंख्याच्या वेढ्यांपायी कुठली ओळ गेली, हे आता सांगता येणार नव्हतं.

चौथ्या दिवशी तो शेवटच्या गठ्ठ्याशी आला. जाण्याच्या पाच आठवडे आधीचा लेख. विषय घड्याळ.

'लेकीने घड्याळ पाठवलंय. ते पावलं मोजतं, झोप मोजतं, जास्त वेळ बसून राहिलं तर मनगटाला गुदगुल्या करतं. एवढं लक्ष माझ्याकडे लग्नाच्या दिवशीसुद्धा कुणी दिलं नव्हतं.'

हे छापलं गेलं होतं. गावभर लोक त्यावर हसले होते, शिंप्याने त्याला ते तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. त्याच्या खाली चार ओळी, एका सरळ रेघेने खोडलेल्या:

'परवा जिना चढताना छातीत आवळल्यासारखं झालं. घड्याळ म्हणालं, शाबास, आणखी चारशे पावलं. मग मी यांना सांगितलं. हे म्हणाले, हं. दोघांत घड्याळ जास्त बोलकं.'

मिस्त्रीने त्या ओळी तीन वेळा वाचल्या. तिसऱ्यांदा बोट न ठेवता.

मग त्याने स्वतःला सोडवायचा प्रयत्न केला, तो माणसाने करावाच. संपादक म्हणाला होता, ती सगळं खरं लिहायची नाही. विनोदासाठी रचलं असेल. तिने त्याच्या तोंडी घातलेल्या शंभर गोष्टी तो कधी बोललाच नव्हता. पण 'हं' तिने कधी रचला नव्हता. तेवढा एक त्याचा स्वतःचा होता.

म्हणजे तिने दोनदा सांगितलं. एकदा सहज, कदाचित तो दाढी करत असताना किंवा डाव्या बाजूने येऊन, आणि तो हं म्हणाला. दुसऱ्यांदा बुधवारी टेबलावर, लिहून, मोठ्याने वाचून, थट्टेच्या कागदात गुंडाळून. आणि त्या वेळी तो गप्प राहिला, म्हणून तिने ठरलेल्या पद्धतीने ते खोडलं. तिला वाटलं असेल, यांना पोचलं नाही म्हणजे त्यात फार काही नसेल.

लेक चहा घेऊन आत आली तेव्हा त्याने कागद गठ्ठ्यात सरकवला.

"काही सापडलं, बाबा?"

"जुनंच सगळं."

ती पलंगाच्या कडेला बसली. "मी परत परत तो दिवस आठवते. दोन मिनिटं बाहेर येऊन फोन घेतला असता तर? मी म्हटलं असतं, आई, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. ती माझं ऐकायची. मी तिला मारलं, बाबा, खरं सांगते."

सांगायची वेळ ती होती. कागद हाताखाली होता. लेक त्याच्या डाव्या बाजूला बसली होती, तरी या वेळी त्याने सगळं ऐकलं होतं, शब्दन् शब्द.

"हं," मिस्त्री म्हणाला.

*

आठव्या दिवशी तो पेपरच्या कचेरीत गेला. लिफ्ट अजून बंदच होती. तो तिन्ही मजले चढला आणि दोनदा थांबला. संपादकाने खुर्ची पुढे केली. ती तीच का, हे मिस्त्रीने विचारलं नाही. तो उभाच राहिला.

"सही नाही करत मी."

"का हो काका? काही चुकलं का आमचं?"

"तुमचं काही नाही. ती माझ्या कानावर भरवसा ठेवून लिहायची. मला ऐकू येत नाही. आठ वर्षं झाली."

जन्मात पहिल्यांदा त्याने हे कुणाला सांगितलं, तेही एका जवळजवळ परक्या पोराला. संपादक जरा पुढे झुकला. तो किंचित मोठ्याने म्हणाला, "पण काका, लोकांना तेच तर आवडलं!"

"ओरडू नका. इतकं येतं ऐकू."

"सॉरी."

"लोकांना आवडलं ते मी न ऐकता निवडलेलं. तुमचं यंत्र तेच गिरवत बसणार. त्यात जे नाही ते त्याला कुठून येणार?"

"म्हणून तर म्हटलं होतं, खोडलेले कागद द्या."

"ते मिळायचे नाहीत," मिस्त्री म्हणाला. आपण जरा जोरात बोललो, हे टेबलापलीकडची माणसं वळून बघायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं.

संपादक बिचारा चांगला होता. तो जिन्यापर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, "मग तुम्हीच लिहा ना काही, काका. आमचे हे काय म्हणतात, असं काहीतरी. लोक डोक्यावर घेतील."

"घेतील," मिस्त्री म्हणाला आणि कठड्याला धरून उतरायला लागला.

लेक रविवारी परत गेली. बसथांब्यावर तो तिची बॅग धरून उभा होता. घरून निघताना त्याने वाक्य जुळवलं होतं. 'बब्बी, आई मला बोलली होती, माझ्या लक्षात आलं नाही.' साधं वाक्य. बस वीस मिनिटं उशिरा आली, तेवढा वेळ मिळाला होता. तो रस्त्याकडे बघत राहिला. बसमध्ये चढताना लेक म्हणाली, "मी आता रोज फोन करणार. सकाळी, कामाला निघायच्या आधी. एक दिवस चुकवणार नाही. एकदा चुकवला त्याचं फळ भोगतेय."

आणि तिने शब्द पाळला. रोज सकाळी आठला फोन येतो. मिस्त्रीने कान तपासून घेतला, यंत्र बसवलं, लेकीला म्हणाला हल्लीच जरा कमी ऐकू येतं. समोरचा शिंपी ओरडून बोलायला लागला, त्याला दोनदा दटावावं लागलं. आता त्याला फोनवर सगळं लख्ख ऐकू येतं. तिच्या मागे चालू असलेला नळ, किल्ल्यांचा आवाज. ती विचारते, जेवलात का, छातीत दुखत नाही ना, जिना चढताना दम लागत नाही ना. तो सगळ्याला पूर्ण वाक्यात उत्तर देतो. मग कधीतरी ती हलकेच म्हणते, "त्या दिवशी मी तिचा फोन घ्यायला हवा होता." तो म्हणतो, "तसं मनात आणू नकोस." ती फोन ठेवते, आणि तो उद्याच्या आठची वाट बघायला लागतो. तिने रोज फोन करावा असं त्याला वाटतं. ती का करते, हेही त्याला माहीत आहे.

चार महिने झाले. बाकीचे गठ्ठे त्याने परत सुतळीने बांधून बॅगेत ठेवले. घड्याळाचा लेख तेवढा बाहेर आहे. लेकीला त्याने अजून काही सांगितलेलं नाही.